सातवा नंबर सोडा, आठवा मागून घ्या

पत्र:

ताई, नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. वय ३५, दोन मुलं, तीन एकर कोरडवाहू वावर. गावातल्या पोरी पोलीस भरतीची तयारी करायच्या, त्यांना सोबत म्हणून सकाळी पांदणीनं पळायला लागले. त्यातल्या दोघी भरती होऊन गेल्या, माझं पळणं मात्र सुटलं नाही. ५ किलोमीटरला मला पाऊण तास लागतो.

नागपूरचा माझा मावसभाऊ आणि त्याचे मित्र डिसेंबरात एका २४ तासांच्या ट्रेल रिलेत, म्हणजे रानवाटेनं आळीपाळीनं धावायच्या शर्यतीत, उतरणार आहेत. आठ जणांची टीम. ५, ७ आणि १० किलोमीटरच्या तीन फेऱ्या, प्रत्येकानं तिन्ही धावायच्या. शनिवारी सकाळी ९ ला सुरू, रविवारी दुपारी १२ ला बंद. जागा आमच्यापासून ४० किलोमीटरवर, टेकड्यांच्या पायथ्याशी, खासगी वावरं आणि पांदणी. त्यांच्या एकाचा पाय मुरगळला म्हणून मला घेतलं. नंबर सातवा दिला आहे. पहिली फेरी छोटी आणि उजेडातली, म्हणून तुला सोपी पडेल, असं भाऊ म्हणाला. तो स्वतः आठवा आहे.

मला दोन भीती आहेत. सगळ्यांत हळू मीच, माझ्यापायी टीम मागे पडेल. आणि दुसरी रात्रीची. सासूबाई म्हणतात, बाईमाणसाला अर्ध्या रात्री रानात पळायचं काय नडलं? थोरले दीर, भासरे, वाघाचं काढतात. नवरा नाही म्हणत नाही, हो पण म्हणत नाही. सहा आठवडे राहिले आहेत. जाऊ की नको?

ता. क. मी पंजाबी ड्रेसवर पळते. तिथं हसतील का?

उत्तर:

प्रिय आशाताई,

आधी नंबराचं बोलू. तुमच्या पत्रातली खरी अडचण तिथं आहे, आणि टीममध्ये कुणाच्याच ती लक्षात आलेली दिसत नाही.

रिलेत फेऱ्या ओळीनं येतात. पहिल्याला छोटी, दुसऱ्याला मधली, तिसऱ्याला मोठी, चौथ्याला परत छोटी. आठवा धावून आला की पहिला पुन्हा उभा राहतो, पण या वेळी त्याच्या वाट्याला मोठी येते, कारण नववी फेरी मोठीच असते. अमेरिकेतल्या रॅगनारच्या ट्रेल रिले याच पद्धतीनं होतात, आठ माणसं आणि तीन फेऱ्या. आठला तीननं भाग जात नाही, म्हणून २४ फेऱ्या संपेपर्यंत प्रत्येकाच्या तिन्ही आपोआप होतात. टीम सहाची असती तर पहिल्याला तिन्ही वेळा छोटीच आली असती.

आता तुमचा सातवा नंबर वहीत मांडून बघा. एका फेरीला सरासरी एक तास धरा. सातवी फेरी दुपारी ३ ला, छोटी. पंधरावी रात्री ११ ला, आणि ती मोठी, १० किलोमीटरची. तेविसावी रविवारी सकाळी ७ ला, मधली. म्हणजे सोपी पडेल म्हणून जो नंबर दिला, त्यात टीममधल्या सगळ्यांत नव्या माणसाला सगळ्यांत लांब फेरी ऐन रात्री आली. तुमच्या चालीनं ती संपायला एक वाजेल. भावानं हे मुद्दाम केलं नसणार. त्यानं पहिली फेरी बघितली, पुढचं मांडलंच नाही.

आठवा नंबर घेतला तर आठवी फेरी दुपारी ४ ला, मधली. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तोवर तुम्ही परत आलेल्या असाल. सोळावी मध्यरात्री १२ ला, पण ती छोटी. चोविसावी रविवारी सकाळी ८ ला, मोठी, लख्ख उजेडात. सगळ्या चोवीस तासांत तुमच्या वाट्याला अंधारातले फक्त ५ किलोमीटर. रात्री सगळ्यांचीच चाल मंदावते, त्यामुळे १२ चे १ वाजतील, एवढं धरून चाला. शेवटच्या नंबरावर सगळ्यांची दिरंगाई जमा होते, हे खरं. पण गेट दुपारी १२ ला बंद होणार असेल तर तुमच्याकडे सवड भरपूर आहे.

तेव्हा भावाला सांगा, आपण अदलाबदल करू. तो आधी रात्री धावलेला असणार, त्याला ११ ची मोठी फेरी जड नाही. शेवटचा धावणारा आणि फिनिशचा फोटो, हे कॅप्टनला आवडतं, मला माहीत आहे. पण अशा रिलेत शेवटच्या टप्प्याला सगळी टीम येऊन मिळते आणि आठही जण सोबतच रेषा ओलांडतात. त्याचा फोटो कुठं जात नाही.

आता हळू धावण्याचं. एका माणसाला २२ किलोमीटर, आठ जणांचे १७६. टीमची चाल किलोमीटरला ८ मिनिटं धरली तर सगळं साडेतेवीस तासांत उरकतं. तुम्ही पांदणीवर ९ मिनिटांनी धावता, टेकडीत आणि अंधारात १० धरा. इतरांना २२ किलोमीटरला तीन तासांना चार मिनिटं कमी लागतील, तुम्हाला तीन तास चाळीस मिनिटं. फरक पाऊण तासाचा, तोही पूर्ण दिवस-रात्रीत मिळून. तुमची टीम काही बक्षिसाला निघालेली नाही. बक्षिसाला निघालेले लोक सहा आठवडे आधी मावसबहिणीला बोलावत नाहीत.

टीमचा वेळ खरा जातो तो वेगळ्याच जागी, बदलीच्या तंबूत. सातवा धावत आत येतो, पुढच्याला द्यायचा पट्टा हातात धरून आठव्याच्या नावानं ओरडतो, आणि आठवा तंबूत घोरत पडलेला. कुणीतरी बॅटरी घेऊन शोधायला पळतं, चार तंबू उघडून बघतं, मग तो उठतो, एक बूट सापडतो, दुसरा सापडत नाही. अशा एका बदलीत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि जो जीव तोडून धावून आला त्याचं तोंड उतरतं ते वेगळंच. तुम्ही हळू धावलात म्हणून कुणी रागावणार नाही. वेळेवर रेषेवर उभ्या दिसलात तर हीच टीम पुढच्या वर्षी तुम्हाला आधी विचारेल.

म्हणून मी म्हणेन, धावण्यापेक्षा थांबण्याची तयारी जास्त करा. चोवीस तासांत तुम्ही धावणार जेमतेम पावणेचार तास. उरलेले वीस तास वावरात, थंडीत, परक्या माणसांत काढायचे आहेत, आणि माणूस मोडतो तो त्यातच. भरतीच्या पोरींसोबत धावणारीला ८०० मीटर जीव खाऊन धावायचं आणि मोकळं व्हायचं ठाऊक असतं. धावून आल्यावर सात तास बसून परत त्याच पायांनी उठायचं, ही सवय निराळी.

फेरी संपली की पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. डिसेंबरात वर्ध्याकडचा पारा उघड्या रानात १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. धावताना जाणवत नाही. पण पट्टा पुढच्याच्या हाती दिला, दोन जणांशी बोलत उभं राहिलं, की पाठीला चिकटलेला ओला कपडा बर्फासारखा होतो आणि दात वाजायला लागतात. त्यानंतर कितीही पांघरा, ऊब लवकर येत नाही. तेव्हा गप्पा नंतर. आधी तंबूत जाऊन अंगातला प्रत्येक कपडा बदला, मोजेसुद्धा, कानटोपी घाला, गरम काहीतरी पोटात जाऊ द्या. तीन फेऱ्यांचे तीन पूर्ण जोड तीन वेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत भरून न्या, वर १, २, ३ लिहून. मध्यरात्री पिशवीत हात घालून कोरडा मोजा शोधणं म्हणजे काय, हे सांगून पटत नाही.

मग आडवं व्हायचं. झोप लागो न लागो. शेकोटीपाशी बसायचा मोह फार होतो, तिथं गाणी असतात, चहा असतो, आणि नागपूरची मंडळी असली की रात्री दोनलाही कुणीतरी तर्री गरम करत असतं. तासभर शेकोटीला बसलं की पाय आखडतात, धूर छातीत जातो, आणि झोपेची वेळ निघून जाते ती जातेच. तुमची पहिली फेरी साडेपाचच्या आत संपेल. सातला जेवा, आठला पडा, साडेअकराला उठा. उठवायचं काम एका माणसाला नाव घेऊन सांगा, 'कुणीतरी उठवा' म्हणालं की कुणीच उठवत नाही. सातवा निघाला की त्याला मोठ्या फेरीला साधारण दीड तास धरा, आणि वीस मिनिटं आधीच बदलीच्या जागी जाऊन येरझारा घाला.

खाण्यात नवे प्रयोग नकोत. घरी जे खाऊन पळता तेच. पहिल्या फेरीनंतर मऊ खिचडी किंवा वरण-भात, रात्री धावायच्या तासभर आधी केळं किंवा मीठ लावलेला उकडलेला बटाटा, उठल्यावर गूळ-शेंगदाणे आणि कोरा चहा. संत्री आपल्याकडचीच, त्या दिवसांत बागा भरलेल्या असतात, पण ती धावून झाल्यावर. धावायच्या आधी खाल्ली तर पुष्कळांना आंबट ढेकर येतात. तर्री, सावजी, रविवारी दुपारी. पाण्यात ओआरएस किती घालायचं हे मी तुम्हाला शिकवायचं म्हणजे उलटंच होईल. फक्त स्वतःसाठीही चार पुड्या ठेवा, तुमच्या पिशवीतल्या पुड्या नेहमी दुसऱ्यांसाठीच असतात.

तसंच रक्ताचं. गावातल्या बायकांना लोहाच्या गोळ्या देता, वहीत नोंद ठेवता. तुमचं स्वतःचं हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी निघालं होतं, आणि आशा काही त्यातून सुटलेल्या नसतात. या आठवड्यात केंद्रावर गेलात की बोट पुढे करा. कमी निघालं तर सरावाचं पुढचं सगळं डॉक्टरांना विचारूनच.

सरावाचं थोडक्यात. रोजचं पळणं चालू आहे तेवढं पुरे, त्यात कापसाची वेचणी आहे, कंबर आधीच मोडलेली असते. आठवड्यातून एकदा लांब पळा, ८ पासून सुरू करून १२ पर्यंत न्या. चढ आला की चाला. ट्रेलवर चढ चालत जाणं ही रीतच आहे, पुढचे सगळे चालतच असतात. रिलेच्या तीन आठवडे आधी एक शनिवार ठरवा, संध्याकाळी ६ किलोमीटर, जेवून झोपून रात्री साडेदहाला उठून ४, आणि रविवारी सकाळी ७. ही एक रंगीत तालीम झाली की भीतीतली अर्धी जाईल, कारण दुसऱ्यांदा उठताना पाय कसे बोलतात ते कळलेलं असेल. शेवटचा आठवडा निव्वळ हलकं, २-३ किलोमीटर.

रात्रीच्या त्या तालमीला नवऱ्याला सोबत घ्या. 'हो पण म्हणत नाही' असं तुम्ही लिहिलंय. अशा माणसाला परवानगी मागत बसलं की तो गप्पच राहतो, काम सांगितलं की उठतो. तो बहुधा मोटारसायकल घेऊन मागून येईल. त्याला मागे येऊ देऊ नका. मागून दिवा पडला की तुमचीच सावली पुढं पडते आणि दगड नेमका तिच्यात लपतो. बाजूनं किंवा चार पावलं पुढून चालवायला सांगा, सायकल असेल तर उत्तमच. तुमच्याकडची डोक्याला बांधायची बॅटरी चालेल, पण तिचा उजेड डोळ्यांच्या रेषेत पडतो आणि खड्डा नि दगड सपाट दिसतात. म्हणून दुसरी छोटी बॅटरी हातात, कमरेच्या उंचीवर धरा. तिरप्या उजेडात प्रत्येक ढेकळाची सावली उठून दिसते. जागलीला जाणाऱ्या कुणालाही विचारा, तो बॅटरी खालीच धरतो.

आणि रात्रीचं रान तुमच्या गावाला नवं कुठं आहे? लाईट रात्रीची आली की ओलितवाले हरभऱ्याला पाणी द्यायला दोन वाजता जातातच. रानडुक्कर नि रोही आत शिरू नयेत म्हणून गावातली अर्धी माणसं धुऱ्यावर मचाण बांधून रात्र काढतात. नागपूरच्या त्या सात जणांपेक्षा काळोखातलं वावर तुम्हाला जास्त कळतं. म्हणूनच तुम्हाला हेही ठाऊक आहे की रात्री रानात वाघापेक्षा जवळचे धोके दोन असतात. एक, डुकरांसाठी तारेत सोडलेला करंट. सौर झटका मशीन वेगळं, ते झटका देऊन सोडतं. मी म्हणते ते विजेच्या खांबावरून आकडा टाकून जोडलेल्या तारेबद्दल. ते बेकायदा आहे, आणि दर हंगामात कुठं ना कुठं माणूस जातो. दोन, बिनकठड्याच्या विहिरी. म्हणून खुणेची वाट चुकली असं वाटलं तर एक पाऊलही आडवं टाकू नका, वावरातून शॉर्टकट नाही, कुंपणाला हात नाही. शेवटची दिसलेली खूण आठवून तिथंच परत जा. लघवीला जायचं झालं तरी वाटेच्या कडेलाच, आडोसा शोधत आत जायचं नाही.

साप थंडीत कमी दिसतात, पण घोणस थंडीतही निघते, म्हणून पाय कुठं पडतोय ते बघा आणि बसायच्या आधी जागेवर उजेड मारा. चावलाच तर काय करायचं आणि काय नाही, हे तुम्ही गावाला शिकवता. तेच तिथल्या शहरी मंडळींना आधीच सांगून ठेवा, आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, हलवाहलव कमी, १०८ आणि थेट रुग्णालय.

आता भासऱ्यांचा वाघ. त्यांना हसण्यावारी नेऊ नका. तुमच्याकडचं बोर अभयारण्य २०१४ ला व्याघ्रप्रकल्प झालं, त्याचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा, आणि वाघ काही सीमेची पाटी वाचत नाही. तुमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या यवतमाळात वावरात वाघ दिसणं ही बातमी राहिलेली नाही, २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा भागातल्या लोकांनी अवनी वाघिणीच्या भीतीत काय दिवस काढले ते सगळ्यांना आठवतं. तेव्हा आयोजकांना दोन प्रश्न लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर चालेल. मार्गाचा कुठलाही तुकडा वनविभागाच्या जमिनीतून किंवा तिला लागून जातो का, आणि जात असेल तर रात्रीसाठी त्यांची परवानगी घेतली आहे का? रात्रीच्या फेरीत किती किलोमीटरवर माणूस उभा असणार, आणि गाडी कुठं उभी असणार? चांगला आयोजक तासाभरात उत्तर देतो, कारण त्यानं ते आधीच ठरवलेलं असतं. 'काही काळजी नको ताई, सगळं बघितलंय' एवढंच उत्तर आलं तर जाऊ नका. भावाचे पैसे भरून झालेत, तो नाराज होईल, तरी जाऊ नका. बाकी सगळ्या बाबतीत मी तुम्हाला जा म्हणतेय, इथं मात्र नाही. उत्तरं नीट आली तर ती भासऱ्यांना वाचून दाखवा, तोंडी सांगू नका. लेखी कागदाला घरातल्या मोठ्या माणसांकडे वजन असतं. आणखी एक विचारून घ्या. बायकांसाठी शौचालयं किती, आणि तिथवर उजेड आहे का? हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पाळी त्या दिवसांत येणार असेल तर यावरच सगळं अवलंबून आहे.

रात्री सोबती घेऊन धावता येतं का, तेही बघा. चालत असेल तर टीममधल्या कुणाला तरी तुमच्या १२ च्या फेरीला सोबत यायला सांगा. मागायला लाजू नका, ते त्यांच्यातही चालतं.

राहिल्या सासूबाई. 'काय नडलं' या प्रश्नाला तुम्ही उत्तर शोधताय, तब्येतीला चांगलं, गावाचं नाव होईल, असं काहीतरी. शोधू नका. नडलं काहीच नाही, तुम्हाला हौस आहे. गेल्या पावसाळ्यात बाळंतिणीला घेऊन रात्री दोनला १०२ च्या गाडीत बसून गेला असाल, तेव्हा घरातून कुणी अडवलं नसेल, कारण ते काम होतं, दुसऱ्याच्या सुनेसाठी होतं. विदर्भातून पायी पंढरपूरला बाया निघतात, महिनाभर घराबाहेर असतात, तेही चालतं, कारण ते देवासाठी आहे. हे फक्त तुमच्यासाठी आहे, अडतं ते तिथं. हे त्यांच्या तोंडावर बोलून दाखवायची गरज नाही, भांडणच होईल. तुमच्या मनात स्पष्ट असलं म्हणजे पुरे, मग बोलताना आवाज चाचरत नाही.

त्यांना सांगायचं ते असं. आत्याबाई, शनिवारी सकाळी भाऊ गाडी घेऊन येईल, माझ्यासोबत टीममधल्या अमुक दोघी आहेत, तंबू आमचा तिघींचा, रात्री मी एकदाच धावणार, ५ किलोमीटर, तासाभरात परत, रविवारी संध्याकाळी चहाला घरी. पोरांचं शनिवार-रविवारचं जेवण, दूध, शाळेचा डबा सगळं ठरवून ठेवा, म्हणजे आक्षेपाला जागा उरत नाही. टीममध्ये दुसरी बाई नसेल तर मात्र नवऱ्याला किंवा सासूबाईंनाच सोबत न्या. हो, सासूबाईंनाच. मी अशा ठिकाणी आजीबाई बघितल्या आहेत. पहिला तासभर त्या तोंड वाकडं करून बसतात, संध्याकाळपर्यंत सगळ्या टीमला चहा पाजत असतात आणि कोण किती वाजता आला याचा हिशेब कॅप्टनपेक्षा त्यांच्याकडे पक्का असतो.

बुटांसाठी भाऊ सात-आठ हजारांचे ट्रेल शूज घ्यायला सांगेल. तो घेऊन देत असेल आणि ते येत्या आठवड्यात हाती येत असतील तर घ्या, निदान ६०-७० किलोमीटर त्यातून पळून झालं पाहिजे. त्यानंतर आले तर ते पुढच्या वर्षी, रिलेला सध्याचेच, तळ झिजला नसेल तर. नव्या बुटानं दुसऱ्या फेरीत फोड येतो आणि तिसरी फेरी लंगडत जाते. अवकाळी पाऊस झाला तर काळी माती कुठल्याही बुटाला चिकटणारच, हजाराच्या आणि आठ हजारांच्याही, तेव्हा काडीनं खरवडत चालायचं.

कपड्याचं शेवटी विचारलंत. हसणार नाही कुणी. रात्री दोनला तिथं माणसं गोधडी पांघरून, नवऱ्याचा स्वेटर घालून, एका पायात चप्पल घालून हिंडत असतात. कमीज चालेल, पण सुती नको, घामानं ओला झाला की वाळत नाही. खाली सलवारीऐवजी पायाला बसणारी पूर्ण लांबीची ट्रॅक पॅन्ट घ्या, आठवडी बाजारात मिळते. त्या दिवसांत धुऱ्यावरचं गवत वाळलेलं असतं, कुसळं सलवारीत शिरली की फेरीभर टोचत राहतात. मोजे उंच घ्या, तूर-पऱ्हाटीची खुंटं घोट्याला लागतात. ओढणी अजिबात नको, अंधारात बाभळीला अडकली तर मान ओढली जाते. डोक्याला रुमाल बांधा आणि त्यावर बॅटरीचा पट्टा, म्हणजे तो घसरत नाही.

भावाला नंबरचा मेसेज मात्र आजच टाका. नावं एकदा आयोजकांकडे गेली की बदलायला कटकट होते.

तुमची,
ताई